शिवणीतली माया

ताई म्हणते, आमचा दोघींचा धंदा एकच आहे. ती कपडे शिवते, मी आजारी माणसांच्या शरीराची मोजमापं घेते. "मी बाहेरून मापं घेते, तू आतून. फरक एवढाच की माझ्या मापांचा शेवटी एखादा सदरा तरी होतो." तिचं म्हणणं खोटं नाही. माझ्या मापांचे तक्ते होतात, तक्त्यांचे अहवाल होतात आणि अहवाल कपाटात जातात.

मी जिथे काम करते ते सांधेदुखीचं उपचार केंद्र आहे. इमारत दुमजली. तळमजल्यावर एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला थंड खोली. खोली कसली, लिफ्टपेक्षा थोडी मोठी एवढंच. आतून फिकट लाकडाच्या फळ्या, एका भिंतीला वीतभर रुंदीची फळी आडवी ठोकलेली, दारात वहीच्या पानाएवढी काच. दाराला कुठेच कडी नाही, खांद्यानं ढकललं की उघडतं. तिच्या आधी आणखी एक छोटी खोली, उणे साठ अंशांची. तिथे तीस सेकंद उभं राहायचं, मग आत जायचं. आत उणे एकशे दहा.

तीन मिनिटं. त्यावर एक सेकंदही नाही.

आत जाणाऱ्याच्या अंगावर घामाचा थेंब चालत नाही, दागिना चालत नाही, चष्मा चालत नाही. आखूड चड्डी, बायकांना छाती झाकण्यापुरता कपडा, लोकरी मोजे, जाड हातमोजे, कानांवर पट्टी, नाकातोंडावर फडकं. असा वेश केला की भला भारदस्त माणूसही शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या जोकरासारखा दिसतो. आत थांबायचं नाही, गोल गोल चालत राहायचं आणि सतत बोलायचं. बोलणं छतातल्या मायक्रोफोनमधून आम्हाला बाहेर ऐकू येतं. आवाज थांबला की आम्ही दार उघडायचं, असा नियम.

त्या तीन मिनिटांत शरीर काय करतं हे मी इतक्या वेळा मोजलं आहे की झोपेतही सांगेन. आधी श्वास अडकतो. मग कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त हातपाय सोडून पोटाकडे, छातीकडे पळतं. घराला आग लागली की माणूस दागिने टाकतो आणि लेकरं उचलतो. शरीर तेच करतं, बोटं टाकतं आणि काळीज उचलतं. रक्तदाब चढतो. कातडी आठ-दहा अंशांवर येते, पण आतलं तापमान जागचं हलत नाही. माणूस बाहेर आला की सगळं रक्त जत्थ्यानं परत फिरतं. मुंग्या येतात, गाल लाल होतात, दुखणं काही तासांपुरतं पळतं आणि माणूस हसायला लागतो. उगाचच. या हसण्यालाही कारणं आहेत. थंडीच्या धक्क्यानं रक्तात जी रसायनं उतरतात, त्यांची नावं माझ्या तक्त्यात आहेत.

बाहेर येणारा हसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच पहिले काही दिवस मला कशाचंच नवल वाटलं नाही.

त्या वर्षी आम्ही वीस जणांवर चाचणी घेत होतो. रविवार सोडून रोज एकदा थंड खोली, असं पाच आठवडे. आधी नाडी, रक्तदाब, कातडीचं तापमान. नंतर पुन्हा तेच. आणि बाहेर आल्या आल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं पुढून एक, मागून एक असे दोन फोटो. त्या फोटोत गरम भाग तांबडा-पिवळा दिसतो, गार भाग निळा. खोलीतून बाहेर आलेला माणूस निळाशार दिसतो, देवळातल्या मूर्तीसारखा.

खोलीचं यंत्र सांभाळणाऱ्याला सगळे पेंग्विन म्हणत. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस. जाड कोट घालून तो बोळातून चालला की नाव कुणी ठेवलं असेल हा प्रश्नच पडत नसे. त्याला स्वतःला ते नाव इतकं आवडायचं की चहाच्या कपावर त्यानं पेंग्विन रंगवून घेतला होता.

वीस जणांत ताई होती. बोटांच्या सांध्यांनी तिला दोन वर्षं छळलं होतं. आधी सुई ओवता येईना, मग काज करता येईना, शेवटी कात्री मिटेना. दुकानातल्या दोन बायका शिवायच्या आणि ताई गल्ल्यामागे बसून त्यांना टोमणे मारायची. मग एक दिवस तिनं दारावर पाटी लावली, 'नवीन कपडे शिवायला घेत नाही.' त्या पाटीबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ताई बोलत नाही म्हणजे फार दुखत असणार, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

स्वतःच्या बहिणीची मापं मी घ्यावीत का, हे मी आमच्या मोठ्या मॅडमना विचारलं होतं. त्या केंद्रप्रमुख. "मापं यंत्र घेतं, तुम्ही फक्त लिहिता," त्या म्हणाल्या. "लिहा."

पहिलं काही घडलं ते मास्तरांच्या बाबतीत. मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गुडघे गेलेले, आवाज मात्र मैदानावरचा. आत गेले की ते बोलत नसत, हुकूम देत. "एक-दोन, एक-दोन, डावीकडे वळ!" आणि स्वतःच वळत. सहाव्या दिवशी ते बाहेर आले ते पोट धरून हसत.

"पेंग्विनराव, हे बरं नाही हं. पाठीत थाप मारता? आणि तीही उघड्या हातानं? बोटं गळून पडतील ना तुमची!"

पेंग्विन माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात चहाचा कप होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

"मी इथेच होतो, मास्तर."

"हो, हो. आम्ही पण पोरं हाकली आहेत आयुष्यभर. खोडी काढणारा नेहमी इथेच असतो!" असं म्हणून मास्तर टाळी वाजवत कपडे बदलायला गेले.

मी वहीत लिहिलं, 'थंडीमुळे स्पर्शाचा भास.' असं होऊ शकतं. गारठलेल्या नसा खोट्या बातम्या देतात. मग मी त्यांचा मागून काढलेला फोटो उघडला.

पाठ निळी होती. उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक तांबडा हात होता.

तळवा, चार बोटं, अंगठा. कुणी कुंकवात हात बुडवून भिंतीवर उमटवावा इतका स्वच्छ. मी त्यावर बाण नेला आणि तापमान पाहिलं. पाठ नऊ अंश. हात छत्तीस पूर्णांक आठ.

मी कॅमेऱ्याची काच पुसली. भिंतीचा फोटो काढला, पेंग्विनचा काढला, माझा काढला. कॅमेऱ्यात दोष नव्हता. आत जाण्यापूर्वी कुणी मास्तरांच्या पाठीला हात लावला असता, तरी त्या थंडीत ती ऊब पाच सेकंद टिकली नसती.

पुढच्या तीन दिवसांत तो हात आणखी चौघांच्या पाठीवर आला. एका बेकरीवाल्याच्या खांद्यावर, एका निवृत्त नर्सबाईच्या कमरेवर, जिथे तिला दुखायचं नेमकी तीच जागा. कुणाची तक्रार नव्हती. उलट बोळातल्या बाकावर जत्रा भरू लागली. ज्यांचा नंबर झाला ते घरी जाईनात. ज्यांचा व्हायचा होता ते तासभर आधी येऊन बसत. नर्सबाई म्हणाल्या, "आत गेलं की कसं माहेरी गेल्यासारखं वाटतं." उणे एकशे दहा अंशांच्या खोलीबद्दल असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मग ताईची पाळी आली.

ती आत गेली की दुकानातल्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगायची. त्या दिवशी ती एका नवरदेवाची गोष्ट सांगत होती. त्यानं कोट शिवायला टाकला आणि लग्नापर्यंत इतकं खाल्लं की मुहूर्ताला कोटाची बटणं बसेनात. पेंग्विन आणि मी बाहेर हसत होतो. तेवढ्यात ताई थांबली. मी दाराकडे हात नेला. पण ती गप्प झाली नव्हती. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तशी थांबली होती.

"अगं हो ना!" ती म्हणाली आणि खळखळून हसली. "मग काय, पाठीमागून उसवला आणि तसाच उभा केला बोहल्यावर!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच की. 'मग काय केलंस' म्हणून तूच विचारलंस ना?"

आत ऐकू जावं म्हणून एक बटण दाबावं लागतं. मी ते दाबलं नव्हतं. पण तोपर्यंत मी फोटोकडे पाहत होते.

ताईची पाठ निळी होती, पोट निळं, पाय निळे. हात मात्र कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत तांबडे होते. दोन्ही. जाड हातमोजे घालूनही थंडीत सगळ्यात आधी बोटं जातात. शरीर स्वतःच त्यांना वाऱ्यावर सोडतं. ताईची बोटं मात्र सुटली नव्हती. कुणीतरी ती पूर्ण तीन मिनिटं धरून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मी मोठ्या मॅडमना पत्र लिहिलं. मोजणीत न समजणाऱ्या गोष्टी येत आहेत, कारण कळेपर्यंत चाचणी थांबवावी, असं सरळ साधं. पत्र टेबलावर ठेवलं आणि सकाळी द्यायचं ठरवलं. सकाळी पत्राआधी ताई आली. बोळातून जवळजवळ पळत. तिनं उजवा हात वर धरला होता आणि त्यात काय आहे ते लांबून दिसत नव्हतं. जवळ आल्यावर दिसलं. सुई होती. सुईत दोरा होता.

"पहिल्या फटक्यात," ती म्हणाली. "बारके, पहिल्या फटक्यात ओवला. चष्म्याशिवाय."

मी चाळीस वर्षांची आहे, पण ती मला अजून बारके म्हणते. आम्ही दोघी बोळात उभ्या राहून रडलो. मास्तरांनी बाकावरून "विश्राम!" असा हुकूम दिल्यावर हसलो.

पत्र मी खणात टाकलं.

तरीही मी मापं घेणारी बाई आहे. न मोजता कशावर विश्वास ठेवणं मला जमत नाही. त्या दुपारी रुग्ण गेल्यावर मी स्वतः आत जायचं ठरवलं. पेंग्विननं घड्याळ हातात घेतलं. "काही वाटलं तर दार ढकला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "किंवा नका ढकलू. बघा कसं वाटतंय ते."

उणे साठला कान दुखले. उणे एकशे दहाला श्वास छातीत दगडासारखा बसला. पापण्यांच्या केसांवर बर्फ धरला. माझ्याच श्वासाच्या वाफेनं खोली भरली आणि भिंती दिसेनाशा झाल्या. मी चालत होते आणि आकडे म्हणत होते. दहा. वीस. तिसाव्या आकड्याला मांड्या जळल्यासारख्या वाटल्या. पन्नासला त्या माझ्या राहिल्याच नाहीत. ऐंशीच्या आसपास माझ्या लक्षात आलं की लाकडी जमिनीवर दोन जणांची पावलं वाजत आहेत. माझी, आणि माझ्या पावलाला पाऊल जुळवणारी.

मी थांबले नाही. ती पावलंही थांबली नाहीत.

मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी पोटातून हसू वर येऊ लागलं. एखादा विनोद कळावा, पण त्यातले शब्द कानावर आलेलेच नसावेत, असं काहीतरी. मी एकटी, अर्धी उघडी, गोठलेली, आणि हसतेय. मग मानेवर हात आला. मोठा, कोरडा, ऊबदार. पोरगं शाळेतून पहिला नंबर काढून आलं की घरातलं मोठं माणूस मानेवर हात ठेवतं, तसा.

पेंग्विननं दार उघडलं तेव्हा मी म्हणाले म्हणे, "इतक्यात?"

माझा फोटो, मानेवर तांबडा हात असलेला, मी वेगळा ठेवला. ताईनं मात्र तो दुसऱ्याच दिवशी बघितला. पडद्यावर डोळे बारीक करून तिनं बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता ही घाबरेल, घरी जायचं म्हणेल.

"याचं माप घ्यायला हवं," ताई म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एवढ्या थंडीत उघड्या हातानं फिरतंय बिचारं. हातमोजे नकोत?"

पेंग्विन म्हणाला, "बरोबर आहे ताईंचं."

माप घ्यायला मास्तर तयार झाले. ते बाहेर आले की ठसा साधारण तीन मिनिटं दिसतो, मग कातडी गरम होते आणि तो विरतो. तेवढ्यात काम उरकायचं. मी पडद्यावर बघून जागा सांगायची आणि ताईनं कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूनं मास्तरांच्या पाठीवर रेघा ओढायच्या.

"वर. आणखी वर. हं, इथे करंगळी."

"अहो, गुदगुल्या होतात!" मास्तर किंचाळले.

"सावधान!" ताई ओरडली. जन्मभर दुसऱ्यांना सावधान करणारा तो माणूस खरोखर ताठ उभा राहिला. पेंग्विन हसता हसता बाकावरून घसरला.

ताईनं टेप लावली. लांबी पावणेआठ इंच. तळव्याची रुंदी साडेतीन. मधलं बोट जरा लांब. तिनं सगळं हातावर लिहून घेतलं.

"बाईचा आहे का पुरुषाचा?" मी विचारलं.

ताईनं थोडा विचार केला. "कामाचा आहे," ती म्हणाली.

गेल्या दोन वर्षांत ताईनं शिवलेली पहिली वस्तू म्हणजे ते हातमोजे. राखाडी लोकरी कापड, आत मऊ अस्तर, मनगटाला दोरी. टाके इतके बारीक आणि सारखे की मी ते बोटानं चाचपून पाहिले. मग ताईचा हात धरला आणि तिची बोटंही चाचपून पाहिली. ती तिनं झटकन सोडवून घेतली. "गिऱ्हाईक खोळंबलंय," ती म्हणाली.

पेंग्विननं हातमोजे आतल्या फळीवर ठेवले. एकावर एक, घडी घातल्यासारखे.

सकाळचा पहिला नंबर नर्सबाईंचा होता. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज कसं मऊ मऊ वाटलं." फोटोत कमरेवर हात होता. नेहमीपेक्षा फिकट, कडा धूसर. मी तो मोठा केला. बोटांच्या दोन्ही अंगांनी बारीक तुटक रेघ गेली होती.

शिवण होती ती. ताईचे टाके.

त्या दिवशी आम्ही तिघं लहान पोरांसारखे नाचलो, हे मी कबूल करते. पेंग्विननं सगळ्या बाकाला चहा पाजला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ताईनं दुकानावरची पाटी काढली. चाचणीचे आकडे इतके सुंदर येत होते की मोठ्या मॅडम स्वतः खाली उतरल्या, बाकावरचा गोंधळ बघून हसल्या आणि म्हणाल्या, "असंच चालू द्या."

दहा दिवसांनी पेंग्विननं हातमोजे फळीवरून उचलून आणले. त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवले.

उणे एकशे दहा अंशांतून आलेली वस्तू बाहेरच्या हवेत आली की क्षणात पांढरी होते. हे हातमोजे कोरडे होते आणि ऊबदार होते, आत्ताच कुणी काढून ठेवल्यासारखे. आणि ते फाटले होते. पाचही बोटांच्या टोकांना, तळव्याच्या दोन्ही बाजूंना.

ताईनं ते उजेडात धरले.

"उसवले नाहीत. टाका एकही सुटलेला नाही," ती म्हणाली. "कापड फाटलंय. आतून." मग तिनं कपाळावर हात मारला. "माझीच चूक. शिवणीत माया ठेवायला हवी होती."

बेतापेक्षा जास्त जे कापड शिवणीत दाबून ठेवतात, पुढे सैल करता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात.

"ताई, माणसाचा हात दहा दिवसांत वाढत नाही."

"वाढतं अंग असेल," ताई म्हणाली.

आम्ही पुन्हा माप घेतलं. लांबी अकरा इंच.

मी ते वहीत लिहिलं. त्याखाली हेही लिहिलं, 'भीती वाटत नाही. कुणालाच वाटत नाही.' माझ्या सगळ्या नोंदींत ही एकच नोंद मी पुन्हा पुन्हा वाचते. खणात पत्र होतं. ते मी काढलं, वाचलं आणि परत ठेवलं. ताई शेजारी बसून कापडावर कात्री चालवत होती आणि कात्री अशी सरसर मिटत होती की मला दुसरं काही बोलावंसं वाटेना.

नवी जोडी तिनं भरपूर मायेची शिवली. चार-चार बोटं कापड आत दाबलं. "आता कितीही वाढू दे," ती म्हणाली.

ती जोडी आम्हाला परत दिसली नाही. फळी रिकामी होती. पेंग्विननं जमीन शोधली, बाहेरची छोटी खोली शोधली. लोकरीचा एक धागासुद्धा नव्हता.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी सगळे आले. काहींनी एकमेकांचे पत्ते लिहून घेतले. मास्तरांनी शेवटचा नंबर मागून घेतला होता, तो मानाचा म्हणून. ते आत गेले. "एक-दोन, एक-दोन," ऐकू आलं. मग हुकूम थांबला आणि त्यांचं हसू ऐकू आलं, लहान मुलाला वर उचललं की ते हसतं तसं. मी काचेतून पाहिलं. आत पांढरी वाफ होती. जमीन दिसत होती, मास्तरांचे मोजे दिसत नव्हते.

मी दार उघडलं. मास्तर दारातच उभे होते, स्वतःच्या पायांवर, गालांवर लाली, डोळ्यांत पाणी.

त्यांना खुणेवर उभं केलं. मागून फोटो काढला.

पाठीवर हात नव्हता.

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. "गेलं," मी म्हणाले. पेंग्विननं मान हलवली. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. पाठ निळी नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत कुठेच निळं नव्हतं. सगळी पाठ एकसारखी तांबडी होती, छत्तीस पूर्णांक आठ.

मी मास्तरांना वळायला सांगितलं. पुढून फोटो काढला.

उजव्या बरगड्यांवर, एकाखाली एक, चार तांबडे पट्टे पाठीमागून आले होते आणि छातीच्या मध्यावर येऊन गोल संपले होते. डाव्या बाजूनं एक, जाड, आखूड, त्यांच्या दिशेनं वळलेला. कुठेही दाब नव्हता. चिमणी धरावी तसं हलक्या हातानं.

"आला का फोटो नीट?" मास्तरांनी विचारलं. ते स्वेटर डोक्यातून घालत होते, त्यामुळे आवाज लोकरीतून येत होता. "मॅडम, चाचणी संपली तरी उद्या येऊ द्या हो. आज फार लाड झाले."